कादंबरीचं पुनर्लेखन आणि घर: प्रत्यक्षात कसं जमवता?

मालवमाती | ८ जुलै, रात्री ११.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल.

मी इंदूरची. सुदामा नगरात राहते, वय ४७, शाळेत शिकवते. २००१ साली इंदूरला साहित्य संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. मी तेव्हा एम.ए. करत होते आणि मंडपात मदतीला होते. इंदूरच्या मराठी माणसांवर कधीतरी कादंबरी लिहायची, हे त्या दिवसांत मनात बसलं. हाताला लागली मात्र २०२१ मध्ये. गिरणीत काम करणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट आहे, १९६८ पासून गिरण्या बंद पडेपर्यंतची. माझे सासरे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, त्यामुळे बरंचसं घरातूनच आलं. पहिला खर्डा दोन वर्षांत झाला, एक लाख बारा हजार शब्द. तेव्हापासून पुनर्लेखन चालू आहे. दोन वर्षं होत आली.

माझी अडचण पुनर्लेखनाची आहे, लेखनाची नाही. पहिला खर्डा लिहिताना रोज रात्री पाचशे शब्द ठरलेले असायचे. जेवणं झाली की बसायचं, शब्द झाले की उठायचं. हे विचारायचे, "आज किती?" मी आकडा सांगायचे. घराला तो आकडा कळायचा. आता तासन्‌तास बसते आणि उठते तेव्हा कादंबरी तीनशे शब्दांनी लहान झालेली असते. कधी एक अख्खी संध्याकाळ एका परिच्छेदाची जागा बदलण्यात जाते आणि शेवटी तो होता तिथेच परत येतो. "आज किती?" विचारणं ह्यांनी कधीच सोडलं. त्यांना काय दोष देऊ, मलाच उत्तर देता येत नव्हतं.

शिवाय लिहून झालं की ते टेबलावर ठेवून उठता यायचं, आता तसं होत नाही. ते माझ्याबरोबर भाजी आणायला येतं, वर्गात येतं. रात्री अडीचला जाग येते आणि सहावं प्रकरण चौथ्याच्या आधी घेतलं तर काय होईल, हे सुरू होतं ते सहापर्यंत. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. चष्म्याचा नंबर वाढलाय.

फेब्रुवारीत सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या ८१ वर्षांच्या आहेत. आता वॉकर घेऊन घरात फिरतात, पण न्हाणीघरात सोबत लागते. गेल्या आठवड्यात त्यांनी मला हाक मारली. एकदा नाही, चार वेळा. मी शेजारच्या खोलीत नवव्या प्रकरणात होते. मला ऐकू आलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ऐकू आलं होतं. "एवढं वाक्य होऊ दे" असं मनात म्हटलं आणि बसून राहिले. त्या एकट्या उठल्या आणि दारात पाय घसरला. चौकट धरली म्हणून वाचल्या. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री त्यांचे पाय दाबताना मीच रडले.

ज्यांनी कादंबरीचं पुनर्लेखन केलं आहे, नोकरी आणि घर सांभाळून केलं आहे, त्यांनी कृपया सांगा. किती वाजता बसायचात, कुठे बसायचात, काय सोडलं, काय नाही सोडलं. मला घड्याळासकट ऐकायचं आहे.

---

कडूलिंब | ९ जुलै, सकाळी ७.१५

ताई, आधी सासूबाईंना सांभाळा आणि स्वतःला इतकं बोल लावू नका. ते वाक्य पुरं होऊ देण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. दोन कादंबऱ्या छापून आल्या आहेत, दोन्ही नोकरीत असताना लिहिल्या. तुम्ही घड्याळ मागितलंत म्हणून सांगतो: शनिवारी दुपारी दोन ते सहा आणि रविवारी सकाळी, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत. सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेलं ग्रंथालय आहे ते. घरी एक अक्षरही करायचं नाही, हा नियम. हस्तलिखिताची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असायची आणि शनिवारीच खाली उतरायची.

पण वेळेपेक्षा मोठी चूक तुमच्या लिहिण्यात मला वेगळीच दिसते. तुम्ही एकाच बैठकीत प्रकरणांची जागाही हलवताय आणि वाक्यंही घासताय. पहिल्या कादंबरीत मी तेच केलं. एका लग्नाच्या प्रसंगावर पाच आठवडे घालवले, एकेक विशेषण तपासलं, आणि पुढे लक्षात आलं की तो प्रसंगच नको आहे. काढताना जीव तुटला, आणि काढायला उशीर झाला तोही त्या पाच आठवड्यांमुळेच.

दुसऱ्या वेळी आधी सगळा खर्डा तीन महिने बंद ठेवला. मग छापून घेतला, हातात पेन न घेता वाचला आणि प्रत्येक प्रकरणासाठी एका कार्डावर दोनच ओळी लिहिल्या: इथे काय बदलतं, आणि हे कोणाला कळतं. चोवीस प्रकरणांपैकी पाच कार्डांवर पहिली ओळ लिहिताच येईना. त्या प्रकरणांत काही बदलतच नव्हतं. तीन काढली, दोन एकमेकांत मिसळली. भाषेला हात लावला तो हे सगळं उरकल्यावर, सर्वांत शेवटी.

रात्री अडीचची जाग मलाही होती. कार्डं झाल्यावर ती कमी झाली, कारण डोक्यात धरून ठेवायचं काही उरलं नाही. सगळं खोक्यात होतं.

---

लष्करवाला | ९ जुलै, दुपारी १.०५

मी ग्वाल्हेरचा. कडूलिंबांच्या कार्डांना पूर्ण अनुमोदन, पण आठवड्यातून दोनदा बसण्याला नाही. माझा अनुभव उलटा आहे. तुकड्यातुकड्यांनी पुनर्लेखन करणं म्हणजे दर वेळी कादंबरीत परत शिरायलाच एक तास. उरलेल्या तासात काय होणार? मी वर्षभर तसं ओढलं आणि मग साठलेली रजा काढून एकवीस दिवस सलग बसलो. सकाळी सहा ते अकरा, दुपारी झोप, संध्याकाळी फूलबागेकडे फेरी, रात्री काही नाही. वर्षात जे झालं नव्हतं ते तीन आठवड्यांत झालं. संपूर्ण कादंबरी एकदम डोक्यात मावते तेव्हाच कळतं की दुसऱ्या प्रकरणातला माणूस विसाव्यात वेगळाच बोलतोय.

ताईंनी दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस मागून घ्यावेत. घरच्यांना तारीख सांगून मागावेत. लोक तारखेला मान देतात.

---

मालवमाती | ९ जुलै, रात्री १०.२०

दोघांचे मनापासून आभार. लष्करवाला, सध्या सलग पंधरा दिवस मला कोणी देऊ शकत नाही आणि मी घेऊही शकत नाही. पण शिरायला एक तास लागतो, हे अगदी खरं. मला वाटायचं ही माझीच कमजोरी आहे.

---

वाचकमात्र | १० जुलै, सकाळी ६.५०

मी लिहीत नाही. लिहिणाऱ्याची मुलगी आहे. कधी प्रतिसाद देत नाही, आज राहवलं नाही.

माझे वडील चौदा वर्षं एकच कादंबरी सुधारत होते. आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीचं दार लागलं की आम्ही भावंडं खालच्या आवाजात भांडायचो. आई जेवणाचं ताट दारापाशी ठेवायची. कादंबरी छापली गेली नाही. त्यांच्या मागे सात वह्या निघाल्या, सातही त्याच गोष्टीच्या. मी त्या सगळ्या वाचल्या आहेत. तिसरी वही सर्वांत चांगली आहे. पुढच्या चार वह्यांमध्ये तीच माणसं हळूहळू शहाण्यासारखी बोलायला लागतात आणि त्यांच्यातला जीव कमी होत जातो.

त्यांच्यावर माझा राग नाही. तिसऱ्या वहीत एका लहान मुलीला ताप येतो, ते वर्णन वाचून मला कळलं की माझ्या तापात ते रात्रभर जागे होते. तोपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. पण ताई, तो प्रसंग त्यांना लिहिता आला तो त्या रात्री दार उघडं होतं म्हणून. एवढंच सांगायचं होतं.

---

कडूलिंब | १० जुलै, सकाळी ८.३०

वाचकमात्र, हे दोनदा वाचलं. त्या तिसऱ्या वहीचं काही करा. शक्य असेल तर टंकून घ्या.

---

अंगठेदुखी_पाहणारी | १० जुलै, दुपारी ३.४५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदुरातच. इथे तपासता येत नाही, तेव्हा हे फक्त विचारात घ्या आणि जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या त्या बाजूला दुखणं टायपिंगने वाढू शकतं, खास करून मोबाइलवर अंगठ्याने टाइप करत असाल तर. पण माझ्याकडे असं दुखणं घेऊन येणाऱ्यांत तान्ह्या बाळांच्या आया असतात आणि घरात आजारी माणसाला उठवणारी माणसं असतात. अंगठा बाहेर ताणून, मनगट वाकवून वजन उचललं की तिथल्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, सुजतात. सासूबाईंना काखेत हात घालून उठवता का? असं असेल तर दुखण्याचं कारण कादंबरी नसेलही. कमरेला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, त्याला धरून उठवायचं. त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही गोष्टी शिकून घ्या, त्यांचे व्यायाम आणि तुमचं उचलणं.

डोळ्यांसाठी: दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. आणि कागदावर जेवढं करता येईल तेवढं कागदावर करा. पुनर्लेखनाचं बरंचसं काम वाचायचंच असतं ना?

---

शब्दशः | ११ जुलै, सकाळी १०.१०

पुण्यात पुस्तकांचं संपादन आणि मुद्रितशोधन करते. कामाचा वेळ वाचवणारी एक गोष्ट सांगते, ती लेखकांना फार उशिरा कळते. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, अवतरणचिन्हं यांच्यावर आता एक मिनिटही घालवू नका. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर अनेकदा मांडणीसाठी दुसऱ्या टंकात बदलून घेतला जातो. त्यात जोडाक्षरं तुटतात, रफार सरकतात, आणि सगळं नव्याने तपासावंच लागतं. तुमचे दोन महिने तिथे वाहून जातील.

दुसरं, प्रत्येक बदलाला नवी फाइल करू नका. महिन्याच्या एक तारखेला एक प्रत तारखेसह जपून ठेवायची, बाकी एकाच फाइलमध्ये काम. काढलेलं सगळं "काढलेलं" नावाच्या फाइलमध्ये. तिथे आहे म्हटल्यावर काढताना हात थरथरत नाही.

एक कुतूहल: पात्रांची बोली कशी ठेवली आहे?

---

मालवमाती | ११ जुलै, रात्री १०.५५

अंगठेदुखी_पाहणारी, हो, काखेत हात घालूनच उठवते. रोज सहा-सात वेळा. आणि मी पाच महिने कादंबरीला बोल लावत होते! सोमवारी सासूबाईंच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारते.

शब्दशः, बोलीचं मोठं दुखणं आहे. आमच्याकडे पाणी आलं म्हणत नाहीत, नळ आले म्हणतात. मधेच हिंदी येतं, तेही इंदुरी. एका जाणत्या वाचकांनी खर्डा वाचून सांगितलं की हे महाराष्ट्रात खटकेल, सरळ करा. मी सत्तर पानं सरळ केली. आता ती वाचवत नाहीत.

---

शब्दशः | १२ जुलै, सकाळी ९.३०

परत फिरवा. नळ आले, हे कोणालाही कळतं. ज्या घरात कोणी तसं बोलत नाही त्या घराची ती कादंबरी नाही. निवेदनाची भाषा एक आणि संवादांची दुसरी, एवढं सांभाळलंत की पुरे.

---

मालवमाती | १९ ऑगस्ट, रात्री ९.१५

धागा वर काढतेय. दीड महिन्यात काय झालं ते सांगायला हवं, तुम्ही इतकं आपुलकीने लिहिलंत.

आधी घड्याळ. इंदुरात नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. आमच्या भागात पहाटे. नळाच्या दिवशी मोटर लावा, हौद भरा, वरची टाकी भरा, कपडे, फरशी, सगळं त्याच दिवशी. मी कादंबरीही तशीच लावली. नळ नसलेल्या दिवशी पहाटे पाच ते साडेसहा बसायचं. नळाच्या दिवशी कादंबरीला हातही लावायचा नाही. घरात कोणाला वेगळं समजवावं लागलं नाही, कारण हे वेळापत्रक घराच्या अंगवळणी आधीच आहे. मुलगीच परवा म्हणाली, "आई, आज नळ नाहीत, तू बस."

उठताना पुढच्या वेळी नेमकं काय करायचं ते एका चिठ्ठीवर लिहून पानात ठेवते. "सुमन स्टेशनवर का जाते ते ठरव." शिरायला लागणारा तास आता दहा मिनिटांवर आलाय. लष्करवाला, हे तुमच्या तक्रारीतूनच सुचलं.

आता खरी गोष्ट. कडूलिंबांचं ऐकून छापील प्रत काढली. नळाच्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंजवळ बसते, तेव्हा त्यांनीच विचारलं, "काय लिहिलंयस ते वाच की." मला चार वर्षांत हे सुचलं नव्हतं. तिसरं प्रकरण वाचायला घेतलं, १९७१ सालचं. सुमन पहाटे उठून नर्मदेचं पाणी भरते.

सासूबाईंनी थांबवलं. "तेव्हा नर्मदा कुठे होती?"

मी म्हटलं, नळ होते ना.

"नळ होते. पाणी यशवंतसागराचं होतं, नाहीतर बिलावलीचं. नर्मदा आणा म्हणून सत्तर साली केवढं आंदोलन झालं, तुझे सासरे मोर्चात होते. पाणी आलं अठ्ठ्याहत्तरला. किती वर्षं वाट पाहिली ते विचार."

मी शिकवणारी बाई, आणि सात वर्षांची चूक चार वर्षं माझ्या हस्तलिखितात होती. मग त्या दीड तास बोलत होत्या. उन्हाळ्यात हापशावर रात्री दोनला नंबर लावायच्या, आणि त्या रांगेतच त्यांची शेजारणीशी मैत्री झाली. माझ्या कादंबरीत त्या दोघींची मैत्री हळदीकुंकवात होते. हळदीकुंकवाचा तो प्रसंग मी अकरा वेळा सुधारला होता. तो का जमत नाही ते मला कळत नव्हतं. तो काढून टाकला आणि रांगेचा लिहिला, दोन बैठकांत.

पट्टा आणला. अंगठा निम्म्याने बरा आहे. झोप अजून पूर्ण आलेली नाही.

---

वाचकमात्र | १९ ऑगस्ट, रात्री १०.०५

रांगेचा प्रसंग वाचायला मिळेल का कधी?

---

लष्करवाला | २० ऑगस्ट, सकाळी ८.४०

चिठ्ठीची युक्ती उचलली. पण अजून एक विचारतो. पुनर्लेखन संपणार कधी, याची काही खूण ठरवली आहे का? नाहीतर एक दिवसाआड हे दहा वर्षंही चालू शकतं.

---

मालवमाती | २० ऑगस्ट, रात्री १०.३०

नेमकं तिथेच अडलंय. मूळ खर्डा गिरण्या बंद पडतात तिथे संपत होता. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली, माझा शेवट त्याच सुमाराचा होता. पण कामगारांच्या थकलेल्या पैशांचा लढा पुढे बत्तीस वर्षं चालला, २०२३ च्या डिसेंबरात मार्ग निघाला. तोवर कितीतरी कामगार गेले होते. माझा खर्डा त्याच वर्षी पुरा झाला होता. ती बातमी आली आणि मला वाटलं, आता हे आत आल्याशिवाय कादंबरी अपुरी आहे. तेव्हापासून शेवटाची चार प्रकरणं लिहून झाली. एकही बसत नाही.

---

कडूलिंब | २१ ऑगस्ट, सकाळी ७.००

ताई, स्पष्ट बोलतो. लढा संपला २०२३ मध्ये, पण सुमनची गोष्ट कुठे संपते? तिच्या नवऱ्याचे पैसे मिळाले की नाही, यावर ती उभी आहे का? मला तुम्ही जे सांगताय त्यावरून ती पाण्याच्या रांगेवर उभी वाटते. बत्तीस वर्षांचा लढा हा मोठा विषय आहे आणि त्याला त्याची स्वतःची कादंबरी हवी. शेपूट म्हणून जोडू नका. तुम्ही पुनर्लेखन करत नाही आहात, दुसरी कादंबरी पहिलीच्या पोटात लिहिताय. म्हणून ते संपत नाही.

---

मालवमाती | २१ ऑगस्ट, रात्री ११.१०

हे वाचून आधी राग आला. दिवसभर शाळेत मनात भांडत होते. आता वाटतंय की बरोबर असावं. थोडे दिवस द्या.

---

मालवमाती | ८ सप्टेंबर, रात्री ८.५०

शनिवारी अनंत चतुर्दशी झाली. गिरण्या बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी इंदुरात गिरणी कामगारांच्या झांक्या निघतात, हे बाहेरच्यांना ठाऊक नसेल. वर्गणी काढून, उधारी करून कामगार त्या बनवतात, आणि दिव्यांच्या त्या गाड्या रात्रभर शहरातून फिरतात. सासूबाई गेल्या वर्षीपर्यंत जेल रोडला ओळखीच्यांच्या ओट्यावर बसून पाहायच्या. यंदा कसं नेणार, म्हणून आम्ही विषयच काढला नव्हता. त्यांनीच काढला.

तो नळ नसलेला दिवस होता. पहाटे बसायचं सोडून मी ओट्यावाल्यांना फोन केला, खुर्चीची आणि मागच्या न्हाणीघराची चौकशी केली, दुपारी त्यांना झोपवलं. रात्री हे आणि मी त्यांना पट्ट्याला धरून ओट्यावर चढवलं. पहाटे दोनपर्यंत बसलो. एक झांकी समोर थांबली तेव्हा त्या हात जोडून काही पुटपुटल्या. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी शेवटाची चार प्रकरणं "काढलेलं" मध्ये टाकली. कादंबरी आता १९९१ च्या अनंत चतुर्दशीला संपते, गिरणी बंद व्हायच्या तीन महिने आधी. ओट्यावर सुमन आहे, झांकी अजून वळणावर आहे. पुढे काय होणार ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे, तिला नाही. शब्द ९४ हजार. भाषेची एक फेरी राहिली आहे, ती दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर शब्दशः आणि आणखी एका वाचकाकडे पाठवणार, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत फाइल उघडणार नाही, असं ह्यांना तारखेसकट सांगितलंय.

काल ह्यांनी पुन्हा विचारलं, "आज किती?" मी म्हटलं, अठरा हजार कमी.

---

शब्दशः | ९ सप्टेंबर, सकाळी १०.००

वाट पाहते. दिवाळीनंतरचे दोन आठवडे मोकळे ठेवलेत. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

वाचकमात्र | ९ सप्टेंबर, रात्री ९.४०

तिसरी वही टंकायला घेतली आहे. बाबांचं अक्षर लागत नाही तिथे आई सांगते. आज अकरावं पान झालं.